पुठ्ठ्यावरचे थेंब

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. एव्हलेथला
खाणीच्या बाजूनं वारा सुटलेला,
आणि गॅरेजच्या दारात ऑलाव्ही मामाची ब्यूक
पुढची दोन चाकं लोखंडी उतारावर चढवून
गुरांच्या डॉक्टरपुढं आणलेल्या म्हशीसारखी उभी.

एक लाख सत्त्याऐंशी हजार मैल.
इतकी वर्षं साधं ऑइल, दर तीन हजारांनी,
मामाच्या वहीत पेन्सिलनं नोंदलेलं.
मामी आजारी होती त्या वर्षीसुद्धा
एक ओळ चुकलेली नाही.

दुकानातला स्टुकेल म्हणाला होता,
"सिंथेटिक? हिला? या वयात?
अरे, सीलं कधीच वाळलीत तिची.
साचलेल्या गाळानं भेगा बुजल्यात, म्हणून चाललंय.
गाळ धुऊन निघाला की गळायला लागेल.
झाकली मूठ झाकलेलीच बरी."
मामानं पैसे मोजले, नाण्यांसकट.
"पाच क्वार्ट," म्हणाला. "आणि फिल्टर."

इंजिन दहा मिनिटं चालवून घेतलं,
कोमट तेल मुकाट उतरतं म्हणून.
मग मी पुठ्ठ्यावर आडवी झाले;
मामाच्या गुडघ्यांचं जमिनीशी आता पटत नाही.
पंधराचा पाना. अर्धा आटा. अजून अर्धा.
आणि बोल्ट सुटता सुटता
बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत
शिरलंच ते काळंकुट्ट.
"हात काढ, सिल्व्ही, हात!"
वरून मामा. नेहमीसारखा उशिरा.

जुना फिल्टर निघाला, त्याची रबरी कडी नाही निघाली,
इंजिनलाच चिकटून बसली.
"कडी बघ. कडीवर कडी बसली
तर सगळं तेल रस्त्यावर."
नखानं सोडवली.
नवीला बोटानं नवं तेल लावलं,
बाळाची टाळू भरावी तसं, बेतानं.

धार बारीक झाली, मग थेंब, मग थेंबांमधली वाट.
आम्ही बादल्या पालथ्या घालून बसलो, कॉफी ओतली.
मामा तसराळ्याकडे बघत म्हणाला,
"एकसष्टाव्या वर्षी मी दारू सोडली ना,
तेव्हा खाणीतले सगळे हेच म्हणाले.
ऑलाव्ही, आता नको सोडूस.
तिच्यावरच उभा आहेस तू."

"मग?"

"मग काय. गळलो.
सौनामध्ये. चर्चच्या पार्किंगमध्ये.
एकदा तर किराणा दुकानात,
दुधाच्या फ्रिजचं दार उघडं धरून.
तिथल्या पोरीनं ते हळूच लावून घेतलं."

"रडायचास कशासाठी?"

"कशासाठी म्हणून सांगू?
चाळीस वर्षांचं आत होतं."
मग उठला, नरसाळं पुसलं,
पुसलेलंच परत पुसलं.

नवं तेल पातळ, फिक्या मधाच्या रंगाचं.
आवाज न करता आत गेलं.
डिपस्टिक बाहेर काढली तर काही दिसेना;
उजेडात तिरकी धरली तेव्हा कुठे
खुणेपाशी एक चकाकी.
मामानं वहीत ओळ लिहिली
आणि "सिंथेटिक" या शब्दाखाली
दोनदा रेघ मारली.

मग गाडीखाली कोरा पुठ्ठा.
रोज सकाळी सपाता घालून, टॉर्च घेऊन
मामा वाकायचा, जेवढं वाकता येईल तेवढं.
पहिले तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी फोन: "गळतेय."
आवाजात काळजी नव्हती,
पाहुणे आले हे सांगावं तसा सूर.
थेंबाभोवती त्यानं पेन्सिलनं गोल काढला होता,
शेजारी तारीख.

जानेवारीत पारा उणे चौतीसवर गेला.
हीटरची वायर लावायची राहून गेली होती.
मामानं मला झोपेतून उठवलं, फोन बॉनेटजवळ धरला,
आणि दुसऱ्या हातानं, कसा कोण जाणे, किल्ली फिरवली.
ना कण्हणं, ना खोकला.
लागली.

"ऐकलंस?"
"ऐकलं. थेंब किती झाले?"
थोडा वेळ नुसतं इंजिन.
"चार," तो म्हणाला.
"चालतील."